रॉकी पर्वतांतील एक जुना फोटो

आमच्या पुण्याच्या घरीं, माजघराच्या भिंतीवर, पंचांगाच्या शेजारीं एक फोटो चाळीस वर्षांहून अधिक काळ टांगलेला आहे. फोटोंत आमच्या थोरल्या वहिनी उभ्या आहेत. अंगावर पोपटी साडी, तिच्यावर दादांचा लोकरी कोट, पायांत पुरुषी बूट, आणि उजवा हात शेजारच्या बर्फाच्या भिंतीवर टेकलेला. ती भिंत वहिनींच्या डोक्यावर आणखी पुरुषभर तरी उंच गेलेली दिसते. खालच्या दगडगोट्यांवर, उजव्या कोपऱ्यांत, फोटो काढणाराची सावली पडली आहे: एक टोपी, एक खांदा व तिपाईचे लांबट पाय. पाठीमागें दादांच्या अक्षरांत 'अथाबास्का, जुलै १९८२, सकाळीं' एवढेंच लिहिलेलें आहे. "माझा मुलगा सावलीएवढाच आला," असें आमच्या मातोश्री हा फोटो पाहून दर वेळीं म्हणत. तरी पण तो भिंतीवरून काढावयाचें नांव कोणीं काढलेलें त्यांना खपत नसे.

दादा १९७४ सालीं कॅनडांत कॅलगरी येथें अभियंता म्हणून गेले. १९६७ पर्यंत आपल्याकडील माणसास त्या देशाचें दार जेमतेम किलकिलें होतें. त्या वर्षीं वंश व देश न पाहतां शिक्षण, वय, भाषा यांचे गुण मोजून माणसें घेण्याची पद्धत तेथें सुरू झाली, आणि आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित तरुण त्या वाटेनें गेले. दादांना पत्रें लिहिण्याचा कंटाळा; पण फोटोंचा लिफाफा मात्र वर्षांतून दोनदां न चुकतां येई. त्यांत माणसें थोडीं, डोंगर व सरोवरें फार. त्या सरोवरांचें पाणी इतकें विलक्षण निळें-हिरवें असे कीं, आमच्या एका आत्याबाईंनीं तें दादांनीं शाईनें रंगविलें असावें असा निर्वाळा दिला होता. आमच्या घराला पश्चिम कॅनडा ठाऊक झाला तो असा.

दादा तीन वर्षांपूर्वीं वारले. वहिनी आतां मुलीकडे व्हँकूवर येथें असतात. गेल्या वर्षीं, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यांत, त्यांचा फोन आला. "भावजी, एकदां त्या जागीं जाऊन यावेंसें वाटतें. तुम्ही दोघें आलांत तर मला धीर येईल. आणि तुम्हांला फोटो काढतां येतात." आम्ही उभयतां निघालों तेव्हां पितृपक्ष लागलेला होता. या पंधरवड्यांत प्रवास करूं नये, असें दोघांतिघांनीं बजावलें. वहिनींना तें कळविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्यांच्याच कामाला निघालां आहांत, त्यांची कसली हरकत?" यावर कोणासच कांहीं बोलतां आलें नाहीं.

व्हँकूवर पाहणारास प्रथम जाणवतें तें हें कीं, येथें रस्त्याच्या टोकाला डोंगर असतो. कांचेच्या उंच इमारतींच्या फटींतून उत्तरेकडील शिखरें जागजागीं डोकावतात, आणि हा योगायोग नव्हे. नगरपालिकेनें १९८९ सालीं शहरांतील कांहीं ठराविक जागांवरून दिसणारे डोंगरांचे देखावे नियमानें राखून ठेवले; त्या दृष्टिरेषेच्या आड येईल इतकी उंच इमारत बांधावयाची नाहीं. २०२४ सालीं हा नियम बराच सैल करण्यांत आला, तरी तो मुळांतून गेलेला नाहीं. क्वीन एलिझाबेथ पार्क ही अशीच एक राखलेली जागा. पूर्वीं ही दगडाची खाण होती. आतां तेथें ताटवे आहेत, व शहरावरून नजर थेट पलीकडच्या पर्वतांवर जाते. त्यांतील दोन जोडशिखरांना गोऱ्या लोकांनीं सिंहांचें नांव दिलें; स्क्वामिश लोक मात्र त्यांस दोन बहिणी म्हणतात. आमचा पहिला फोटो त्या दोघींचा. सिंह कांहीं केल्या आम्हांस दिसले नाहींत.

बंदराच्या कांठीं कोल हार्बर म्हणून भाग आहे. तेथें वहिनी आम्हांस मुद्दाम घेऊन गेल्या. मागें डोंगर, पुढें निळें पाणी, मध्यें शिडाच्या होड्या. फोटोस याहून सुरेख जागा शहरांत मिळणें कठीण. याच खाडींत १९१४ सालीं २३ मे रोजीं 'कोमागाटा मारू' हें जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन येऊन थांबलें. बहुतेक शीख, कांहीं मुसलमान, कांहीं हिंदु. मायदेशाहून वाटेंत न थांबतां आलेल्यासच उतरूं द्यावें, असा नियम कॅनडानें १९०८ मध्यें केला होता, आणि तसें थेट येण्याची सोय तर हिंदुस्थानांतून नव्हतीच. अवघ्या वीसबावीस जणांना उतरूं दिलें. बाकीचे दोन महिने किनाऱ्याच्या नजरेसमोर पाण्यावर ताटकळत राहिले, व २३ जुलै रोजीं जहाजास युद्धनौकेच्या धाकानें परत लावलें. परतीच्या वाटेवर कलकत्त्याजवळ बजबज येथें गोळीबार होऊन त्यांतील वीसांच्या आसपास माणसें मेलीं. त्या वेळचे फोटो उपलब्ध आहेत. डेकवर फेटे बांधलेले गृहस्थ दाटीवाटीनें उभे, पांढऱ्या पोषाखांत गुरदित सिंग, शेजारीं त्यांचा लहान मुलगा. पाण्यावर २०१२ सालीं उभारलेलें स्मारक आहे. त्यावर प्रवाशांचीं नांवें आहेत. १९७४ सालीं दादा विमानानें उतरले तेव्हां त्यांना ही हकीकत ठाऊक नव्हती. ती कळल्यापासून, वहिनी म्हणाल्या, त्यांनीं या ठिकाणचा फोटो डोंगर मागें घेऊन कधीं काढला नाहीं. पाण्याकडे तोंड करून नुसते उभे राहत.

पुतणीनें मोटार काढली व आम्ही चौघें पूर्वेकडे निघालों. व्हँकूवरहून बँफ हें अंतर साडेआठशें किलोमीटरांच्या आसपास आहे. पहिल्या दिवशींच्या वाटेचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. थोडी झोप, थोडा पाऊस, थर्मासमधला चहा व दशम्या. रेव्हलस्टोकच्या अलीकडे क्रेगेलॅकी या ठिकाणीं मात्र थांबलों. पूर्व व पश्चिम यांच्याकडून येणारे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ ७ नोव्हेंबर १८८५ रोजीं येथें जुळले. डोनाल्ड स्मिथ या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनीं शेवटचा खिळा ठोकला, व अलेक्झांडर रॉस नांवाच्या फोटोग्राफरनें तो क्षण टिपला. कॅनडांतील शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलानें हा फोटो पाहिलेला असतो. उंच टोप्या, काळे कोट, हातोडा धरलेले वृद्ध स्मिथ, मागें मजुरांची गर्दी. ब्रिटिश कोलंबियांतील डोंगर फोडून ही वाट करण्यास हजारों चिनी मजूर खपले व त्यांतले शेंकडों मेले. त्यांच्यापैकीं एकाचाही चेहरा या फोटोंत दिसत नाहीं. शिवाय ज्या वर्षीं काम संपलें त्याच वर्षीं चिनी माणसाच्या प्रवेशावर माणशीं पन्नास डॉलरांचा कर बसला. आमच्या सौभाग्यवतींनीं रुळांच्या बाजूनें एक चक्कर मारली व म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोंत आचारी कधीं असतो का?" उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

ही रेल्वे व येथील देखाव्यांचे फोटो यांचा संबंध फार जवळचा आहे. ओसाड पर्वतांतून रूळ तर टाकले. आतां गाड्या भरावयाच्या कशानें? तेव्हां कंपनीनें देखावाच विकावयास काढला. माँट्रियलच्या नॉटमन यांच्या फोटोशाळेकडून डोंगरांचे फोटो काढवून घेतले, चित्रकारांना पास दिले, मोठमोठीं हॉटेलें बांधलीं. बँफ येथें १८८३ सालीं रेल्वेच्याच मजुरांना ऊन पाण्याचे झरे सांपडले. १८८५ सालीं झऱ्यांभोंवतालची जागा सरकारनें राखली, १८८७ सालीं तिचें उद्यान झालें, व १८८८ सालीं रेल्वेचें प्रचंड हॉटेल उभें राहिलें. मूळच्या नाकोडा लोकांना या उद्यानांत शिकार करण्यास पुढें बंदी झाली. उत्सवाच्या दिवसांत मात्र पिसांचे मुकुट घालून प्रवाशांपुढें फोटोसाठीं येण्यास त्यांना निमंत्रण असे.

लेक लुईज व मोरेन लेक हीं दोन सरोवरें आम्हीं एकाच दिवशीं पाहिलीं, आणि ती चूक झाली. इतकें सौंदर्य एका दिवसांत पोटांत मावत नाहीं. लेक लुईज येथें १८८२ सालीं टॉम विल्सन नांवाचा रेल्वेचा माणूस नाकोडा वाटाड्याबरोबर आला. त्या लोकांच्या भाषेंत या सरोवराचें नांव 'लहान माशांचें तळें' अशा अर्थाचें होतें. विल्सननें त्यास पाचूचें नांव दिलें, व दोन वर्षांनीं तेंही पुसून राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचें नांव आलें. मोरेन लेकवर २०२३ पासून खाजगी मोटारी नेऊं देत नाहींत. ठरलेल्या बसनें जावें लागतें. कांठच्या दगडांच्या ढिगावर चढलें कीं समोर दहा शिखरांची रांग व खालीं तें पाणी. कॅनडाच्या वीस डॉलरांच्या जुन्या नोटेवर हाच देखावा छापलेला असे. सॅम्युअल ॲलन या गिर्यारोहकानें १८९४ सालीं या शिखरांना नाकोडा भाषेंतील एक ते दहा हे आंकडेच नांवें म्हणून दिले होते. पुढें बहुतेकांना साहेबांचीं नांवें चिकटलीं, पण चार, नऊ व दहा या आंकड्यांचीं नांवें अद्याप टिकून आहेत. आम्ही वर चढलों तेव्हां त्या ढिगावर दीडदोनशें माणसें होतीं व प्रत्येकाचा मोबाइल एकाच दिशेला धरलेला होता. आम्हींही तोच फोटो काढला. रात्रीं मुक्कामावर पाहिला, तर नोटेवरच्यापेक्षां वाईट आला होता.

बँफमध्यें व्हाइट म्यूझियम म्हणून संग्रहालय आहे. या भागाच्या जुन्या फोटोंचा मोठा ठेवा तेथें जपलेला आहे. बायरन हार्मन हा गृहस्थ १९०३ च्या सुमारास बँफला आला व येथेंच राहिला. १९०६ सालीं कॅनडाच्या गिर्यारोहक मंडळाची स्थापना झाली, तेव्हां तो त्याचा फोटोग्राफर झाला. जड कॅमेरा घोड्यावर लादून, घोडा जाईना तेथें पाठीवर घेऊन, त्यानें हजारों फोटो काढले. १९२४ सालीं तो कोलंबिया हिमक्षेत्राच्या मोठ्या सफरीवर गेला; शिखरावरचे ढग हटावेत म्हणून दिवसचे दिवस तंबूंत बसून राहिला. ही गोष्ट वाचतांना आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. दोन दिवसांनीं तेंच आमच्या वांट्याला येणार आहे, हें ठाऊक नव्हतें.

पण येथें आमचें मन गुंतलें तें मेरी शेफर या बाईंच्या फोटोंत. या फिलाडेल्फियाच्या. पति वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, व या रानफुलांचीं चित्रें बाई काढीत. १९०३ सालीं पति वारले. त्यांचें अपुरें पुस्तक दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या मदतीनें पुरें करून बाईंनीं तें १९०७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मग त्या घोड्यावर बसून, जेथें गोऱ्या बायका जात नसत अशा रानांत महिनेच्या महिने हिंडूं लागल्या. नाकोडा लोकांकडून एका लांबच्या सरोवराची वार्ता त्यांच्या कानीं आली होती. १९०७ च्या उन्हाळ्यांत तें शोधूनही सांपडलें नाहीं. तेव्हां सॅमसन बीव्हर या नाकोडा गृहस्थानें त्यांना कागदावर नकाशा काढून दिला. तो लहानपणीं वडिलांबरोबर तेथें एकदांच गेला होता. इतक्या वर्षांनीं केवळ आठवणीवर त्यानें ओढे, खिंडी व शिखरें रेखाटलीं. त्या नकाशावरून १९०८ च्या जुलैंत बाई सरोवरास पोहोंचल्या. बाईंनीं काढलेला सॅमसन, त्याची पत्नी व मुलगी यांचा फोटो प्रसिद्ध आहे. तिघेंही गवतावर बसलीं आहेत व हंसत आहेत. त्या काळच्या फोटोंत नाकोडा माणूस हंसतांना दिसणें दुर्मिळ. बहुधा त्याला ताठ उभा करून, परका पोषाख घालूनच कॅमेऱ्यापुढें आणीत. वहिनी त्या फोटोपुढें इतका वेळ उभ्या राहिल्या कीं पुतणी खुर्ची घेऊन आली.

लेक लुईजपासून जॅस्परपर्यंत डोंगरांतून २३० किलोमीटरांचा रस्ता जातो. १९४० सालीं तो खुला झाला. या रस्त्यावर मोटार हांकणाऱ्याची शिक्षा अशी कीं, सगळे पाहत असतात व त्याला रस्त्याकडे पाहावें लागतें. वाटेंत पेटो सरोवर उंचावरून दिसतें, आणि आत्याबाईंच्या शाईचा उलगडा येथें चांगला होतो. हिमनदी ही बर्फाची असली तरी नदीच आहे. ती स्वतःच्या भारानें सावकाश खालीं सरकत असते. तिच्या पोटाखालीं सांपडलेले दगड जात्याच्या दोन तळ्यांमध्यें सांपडलेल्या दाण्यांप्रमाणें भरडले जातात, व त्यांचें अगदीं बारीक पीठ होतें. वितळलेल्या पाण्याबरोबर तें सरोवरांत येतें, तळाशीं न बसतां पाण्यांत तरंगत राहतें, आणि उन्हांतील निळा-हिरवा प्रकाश तेवढा आपल्याकडे परत फेकतें. तेव्हां रंग खरा. पण तो रंग जात्यावर अवलंबून आहे. पेटो हिमनदीचें मोजमाप शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकापासून सतत करीत आले आहेत, व तेवढ्या काळांत तिचा फार मोठा भाग नाहींसा झाला आहे. जातें थांबलें कीं पीठ थांबणार, व हीं सरोवरें हळूहळू साध्या पाण्याच्या रंगाचीं होणार.

अथाबास्का हिमनदीपाशीं आम्ही दुपारीं पोहोंचलों, तों सगळें दरी-खोरें ढगांनीं भरून गेलेलें. पाऊस, मधून मधून बर्फाचे कण, आणि समोर करड्या पडद्यापलीकडे कांहीं नाहीं. दोन तास मोटारींत बसलों. अखेर वहिनीच म्हणाल्या, "चला. फोटोच्या मागें 'सकाळीं' लिहिलें आहे. आपण दुपारीं आलों, ती आपली चूक." आम्ही जॅस्परला गेलों.

जॅस्परच्या आसपास डोंगरच्या डोंगर काळे उभे आहेत. २०२४ च्या जुलैंत येथें वणवा पेटला. गांवांतील व उद्यानांतील पंचवीस हजारांच्या आसपास माणसें रातोरात बाहेर काढलीं, आणि २४ जुलै रोजीं आग गांवांत शिरली. गांवाच्या सुमारें एक तृतीयांश इमारती जळाल्या. आम्ही गेलों तेव्हां नवीं घरें उठत होतीं. हातोड्यांचे आवाज सकाळपासून ऐकूं येत.

या वणव्याचा व फोटोंचा संबंध पुतणीनें आम्हांस सांगितला, व तो आम्हांस या प्रवासांतील सर्वांत मोलाचा धडा वाटला. कॅनडाचे मुख्य भूमापक एद्वार देव्हिल यांनीं रॉकी पर्वतांत १८८० नंतरच्या वर्षांत फोटोंवरून नकाशे करण्याची पद्धत आणली. शिखरावर चढावयाचें, तिपाई काटेकोर समपातळींत ठेवावयाची, व चहूंकडचे फोटो कांचेच्या पट्ट्यांवर काढावयाचे. मग घरीं बसून त्यांवरून कोन मोजून नकाशा रेखावयाचा. या कामांत देखावा साधण्याचा हेतु मुळींच नव्हता. १९१५ सालीं ब्रिजलँड नांवाच्या मोजणीदारानें जॅस्परचे असे सातशेंहून अधिक फोटो काढले. कांचेच्या त्या पट्ट्या पेटाऱ्यांत पडून होत्या. १९९० नंतरच्या दशकांत एरिक हिग्ज व जनीन रेमटुला या संशोधकांनीं त्या बाहेर काढल्या, व प्रत्येक फोटो जेथून काढला होता तेंच शिखर, तोच दगड शोधून, तेथें पुन्हां कॅमेरा लावला. दोन्ही फोटो शेजारीं ठेवले तेव्हां हिमनद्या आटलेल्या दिसल्या, हें तर झालेंच. पण दुसरें जें दिसलें तें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. १९१५ सालीं या दऱ्यांत रान तुटक तुटक होतें. मध्यें गवताळ कुरणें, जुन्या वणव्यांचे डाग, कोवळीं झाडें. ऐंशीं वर्षांनीं त्याच जागीं दाट हिरव्या झाडांची अखंड गोधडी पसरली होती. पूर्वीं येथें राहणारे लोक गवतासाठीं रान थोडें थोडें जाळीत असत. १९०७ सालीं उद्यान झालें, दरींत घरें करून राहणाऱ्या मेतिस कुटुंबांना बाहेर काढलें, व प्रत्येक आग लागतांच विझविण्याचा नियम झाला. म्हणजे प्रवाशांच्या फोटोंत जी हिरवीगार शोभा दिसे, ती साठवून ठेवलेलें सरपण होती. त्यांत भुंगेऱ्यांनीं पाइनचीं झाडें उभ्याउभ्या मारलीं, व उन्हाळे तापत गेले.

दादांच्या लिफाफ्यांतले जॅस्परचे फोटो आम्हांस आठवले. "किती गर्द रान!" म्हणून आम्ही सर्व माना डोलवीत असूं.

दुसऱ्या दिवशीं मेरी शेफरचें सरोवर पाहिलें. त्याचें नांव मराठी कानास दगा देणारें आहे: 'मलीन'. एका फ्रेंच बोलणाऱ्या मिशनऱ्याला तेथील नदी ओलांडतांना त्रास झाला, म्हणून त्यानें तिला 'दुष्ट' म्हटलें. तेंच नांव सरोवरास लागलें. त्या बावीस किलोमीटर लांब निर्मळ पाण्याला मलिन म्हणतांना आमची जीभ अडखळे. नाकोडा लोक त्यास बीव्हर या प्राण्याचें सरोवर म्हणत. होडींतून गेलें कीं मध्यें एक चिमुकलें, झाडांनीं भरलेलें बेट लागतें. नाकोडा लोकांना तें पवित्र आहे. १९६० सालीं कोडॅक कंपनीनें त्याचा साठ फूट लांब रंगीत फोटो न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांत लावला, व तेव्हांपासून जगभरचे लोक तोच फोटो काढावयास येतात. आम्हीं येथें कॅमेरा पिशवींतच ठेवला. त्यांत तत्त्वज्ञान कांहीं नव्हतें. मोरेन लेकची आठवण ताजी होती.

तिसऱ्या दिवशीं पहांटे आकाश निवळलें. उजाडण्यापूर्वीं निघालों व आठ वाजून गेल्यावर हिमनदीपाशीं आलों. समोर दोन डोंगरांच्या मधून ती पांढरी जीभ खालीं उतरलेली, तिच्यावर कोवळें ऊन. ही हिमनदी सहा किलोमीटरांच्या आसपास लांब आहे व कोलंबिया हिमक्षेत्रांतून निघते. त्या क्षेत्राच्या एका माथ्यावरील पाणी तीन दिशांनीं तीन महासागरांस जातें. १८९८ सालीं कॉली व वूली या दोघां इंग्रज गिर्यारोहकांनीं शेजारच्या शिखरावरून हें हिमक्षेत्र पाहिलें तेव्हां बाहेरच्या जगाला त्याची कल्पना आली. त्यापूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, बर्फ आतांच्यापेक्षां दीड किलोमीटरांहून अधिक पुढें होतें. आतां तेथें धुळीचा व गोट्यांचा माळ आहे, आणि पायवाटेच्या कडेला पाट्या रोवल्या आहेत. पाटीवर फक्त वर्ष. त्या त्या वर्षीं बर्फ येथवर होतें.

१९८२ ची पाटी शोधावी लागली नाहीं. वहिनी सरळ तिच्यापाशीं गेल्या. मागच्या सुळक्यांचा व डोंगराच्या खांद्याचा मेळ जुन्या फोटोशीं घालूं लागलों, तेव्हां जागा पाटीपासून थोडी बाजूला निघाली. एक मोठा, आडवा, पांढऱ्या रेघेचा दगड फोटोंत वहिनींच्या बुटाशेजारीं आहे. तो दगड तेथेंच होता. पुतणीनें त्याच्यावर हात ठेवला व कांहींच बोलली नाहीं. तिचा जन्म १९८४ चा.

वहिनींनीं दादांची तिपाई बरोबर आणली होती. तिच्या एका पायाचा स्क्रू सैल आहे. दादा तेथें कागदाची घडी बसवीत, ती अजून तेथेंच होती. आम्हीं ती उभी केली. वहिनी दगडापाशीं उभ्या राहिल्या. या खेपेस अंगावर मुलीचें जाड जाकीट, साडी तशीच पोपटी; ती त्यांनीं शोधून आणली होती हें आमच्या सौभाग्यवतींनीं ओळखलें, आम्हीं नाहीं. सर्व जमलें. मग त्यांनीं उजवा हात वर उचलला व तो तसाच अधांतरीं राहिला.

"हात कोठें ठेवूं, भावजी?"

बर्फ वहिनींच्या पाठीमागें शेंकडों पावलें दूर होतें. १९९२ ची पाटी मध्येंच दिसत होती, तीही कोरडी. आम्हांस कांहीं सुचेना. आमच्या सौभाग्यवती पुढें झाल्या, त्यांचा हात धरून त्यांनीं तो हळूच खालीं घेतला व पदरावर ठेवला. "असा बरा दिसतो, वहिनी," त्या म्हणाल्या. आम्हीं बटण दाबलें.

कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर तो फोटो आम्हीं वहिनींना दाखविला. त्यांनीं चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला, मग पिशवींतून जुना फोटो काढून शेजारीं धरला.

"तुमची सावली नाहीं आली."

पाहतों तों खरेंच. जुलैच्या व सप्टेंबरच्या सूर्यांत अंतर असतें. आमची सावली उजवीकडे चौकटीबाहेर गेली होती. कॅमेरा किंचित् वळविला तर येईल, पुन्हां काढतों, असें आम्ही म्हणालों.

"नको. तेवढी जागा राहूं द्या," असें म्हणून त्यांनीं जुना फोटो रुमालांत गुंडाळला, व पुतणीचा हात धरून त्या गोट्यांतून वाट काढीत मोटारीकडे निघाल्या. आम्हीं तिपाई मिटली. कागदाची घडी खालीं पडली होती. ती उचलून पुन्हां जागेवर बसविली, व मागोमाग निघालों.